सांध्यावरचा पट्टा

बेबाबाईंनी चार वर्षांत हजारेक मोटारींना पट्टे लावले. त्यांतल्या एकीतही त्या कधी बसल्या नाहीत. बसावंसं वाटलं नाही का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सायकल बरी. तिचा रंग उडाला तर आत लोखंड तरी सापडतं."

त्या मोटारीचं नाव 'मैना'. पन्नाशीच्या आतल्या माणसाला ते ठाऊक असायचं कारण नाही. नाशिकला सातपूरच्या पुढे सप्तशृंग मोटर्स नावाची एक कंपनी निघाली होती. तिने सहा वर्षं ही छोटी दोन दारांची गाडी काढली आणि मग कंपनीला टाळं लागलं. गाडीचा सांगाडा लोखंडी, पण बाहेरचं सगळं अंग फायबरचं. वरचा अर्धा भाग एका साच्यातून निघायचा, खालचा दुसऱ्यातून, आणि दोन्ही कमरेशी जोडायचे. त्या जोडावरून, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, एक तपकिरी पट्टा असायचा आणि त्याच्या मधोमध बारीक नारिंगी रेघ.

मला हे सगळं कळलं ते हितेंद्रमुळे.

हितेंद्रची जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल आहे. वय पंचेचाळीस. मी इथल्या एका दैनिकात उपसंपादक होतो तेव्हापासून त्याला ओळखतो, कारण दर दिवाळीला तो जाहिरातीतला स्वतःचा फोटो मोठा करून मागायचा. दोन वर्षांपूर्वी तो पुण्याला जुन्या मोटारींच्या मेळाव्याला गेला आणि परतला तो इतिहासाचा अभ्यासक होऊन. त्याआधी त्याने जुनी म्हणून जपलेली एकच गोष्ट माझ्या पाहण्यात होती, ती म्हणजे मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बायकांच्या मजुरीचा दर. आता तो उठता-बसता 'हेरिटेज' म्हणू लागला. चहाचा कप खाली ठेवतानाही.

चाळीसगावला एका बंद पिठाच्या गिरणीत पडलेली मैना त्याने उचलून आणली आणि अजिंठा चौफुलीजवळ खाजाभाईंच्या गॅरेजात उभी केली. खाजाभाई बॉडीचं आणि रंगाचं काम करतात. साठी उलटलेला, मोजकं बोलणारा माणूस. गाडीला आधीच्या मालकाने वरपासून खालपर्यंत पांढरा रंग फासला होता, त्यात पट्टा गेला होता. इंदूरला दरवर्षी जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरतं. तिथे 'मूळ रूपातली गाडी' असा एक मान असतो. तो हवा असेल तर पट्टा कंपनीतून निघाला तसाच पाहिजे. म्हणून हितेंद्र संशोधनाला लागला.

संशोधन म्हणजे फोनवरचा ग्रुप. त्यात देशभरातले शौकीन होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी मैना फक्त फोटोत पाहिली होती. एकाने कंपनीच्या माहितीपत्रकाची प्रत टाकली. ती काळ्यापांढऱ्या रंगात होती, त्यावरून पट्टा कोणत्या रंगाचा यावर पाच महिने वाद झाला. कोल्हापूरच्या एका निवृत्त कॅप्टनने पट्टे दोन होते असं ठामपणे लिहिलं. कोइम्बतूरचा एक माणूस तर मैनेचे 'अस्सल कंपनी पट्टे' विकतच होता. त्याला एकाने विचारलं, तुम्ही नमुना कशावरून घेतला? त्याने उत्तर दिलं, अनुभवावरून.

इकडे खाजाभाईंनी कोणाला न विचारता ओला पॉलिश पेपर घेऊन दाराजवळचा हातभर तुकडा हलक्या हाताने घासला. पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली फिकट पिवळा, आणि त्या पिवळ्यावर तपकिरी पट्ट्याची पुसट कड. ती कड सरळ नव्हती. दाराच्या मध्यावर बोटभर वर जाऊन पुन्हा खाली आली होती.

"तुम्ही वाकडं घासलंत, खाजाभाई," हितेंद्र म्हणाला.

"घासणं वाकडं असतं तर कड तुटली असती," खाजाभाई म्हणाले. "ही अखंड आहे. पट्टाच तसा आहे."

हितेंद्रने तो फोटो ग्रुपवर टाकला नाही.

माझा यात शिरकाव झाला तो फलकासाठी. प्रदर्शनात गाडीपुढे इतिहासाचा फलक लागतो, शिवाय एक पुस्तिका वाटायची होती, आणि मराठी-इंग्रजी शुद्ध लिहिणारा माणूस हितेंद्रला पाहिजे होता. मी हो म्हटलं. निवृत्त उपसंपादकाला कोणी लिहायला बोलावलं की तो मागचापुढचा विचार करत नाही. माझ्या जुन्या पेपरात ओळखीने चार ओळींचं निवेदन दिलं की मैना गाडीविषयी कोणाला माहिती असल्यास कळवावं. तिसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. नाव मयुरी, राहायला मेहरूणमध्ये.

"माझी आजी म्हणते, त्या गाडीचा पट्टा ती लावायची," ती म्हणाली. "आणि ती म्हणते, त्यात माहिती घेण्यासारखं काही नाही."

मेहरूण तलावाच्या मागच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर. बेबाबाई सत्तरीच्या, काटक, डोळ्यांना जाड चष्मा. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, झिपरू नाव खाली रंगवलेलं, कालचाच हार. हितेंद्रने त्यांना वाकून नमस्कार केला, अक्का म्हणाला आणि माहितीपत्रकाची प्रत पुढे धरली. त्यांनी ती लांब धरून पाहिली.

"ही गाडी खोटी आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फोटोसाठी केलेली. ही एक लाकडावर फायबर चढवून बनवली होती. हिला सांधाच नव्हता, म्हणून पट्टा सरळ. आमच्याकडे यायच्या त्या गाड्यांना सांधा असायचा आणि तो कधी सरळ नसायचा. साचे उन्हाने वाकले होते. पट्टा त्या सांध्यावरून न्यायचा, झाकायला. तेवढ्यासाठीच होता पट्टा."

हितेंद्र हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करतेय. "अक्का, अहो तो डिझाईनचा भाग होता. स्पोर्टी दिसावी म्हणून."

"असेल," बेबाबाई म्हणाल्या. "मला कोणी सांगितलं नाही तसं."

त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. धुळ्याजवळ कापडण्याला माहेर. लग्न होऊन नाशिकला आल्या त्या एकोणिसाव्या वर्षी. झिपरू कंपनीत मोल्डिंगला होता, त्याने सांगून बायकोला रंगखात्यात लावलं. पट्ट्याच्या कामाला अकरा बायका होत्या. रंगीत चिकटपट्टीचं रीळ हातात घ्यायचं, एका टोकापासून निघायचं आणि श्वास धरून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. मध्ये हात उचलला की सुरकुती पडते. पहिल्याच आठवड्यात बेबाबाईंनी दोरी ताणून पट्टा अगदी सरळ लावला होता. साहेब आला, त्याने पट्टा खेचून काढला आणि सांध्याची फट बोटाने दाखवत म्हणाला, "बाई, हे कोण झाकणार?"

"त्या दिवसापासून वाकडा लावायला शिकले," त्या म्हणाल्या. "चांगला वाकडा लावायलाही हात लागतो."

मग एकोणऐंशीच्या पावसाळ्यात तक्रारींचा ढीग आला. गाड्यांचे सांधे उकलत होते, दारांत पाणी भरत होतं. कंपनीने चौकशी बसवली. निष्कर्ष निघाला की पट्टा लावणाऱ्या बायकांनी फटी सोडल्या, तिथून पाणी सांध्यात गेलं आणि सांधा फुटला. अकराच्या अकरा बायकांना काढलं. त्यासाठी कागद हवा होता, तो दिला कुंदाबाईने. कुंदाबाई पट्ट्याच्याच कामावर, बेबाबाईंच्या शेजारी उभी राहणारी. आपण फट सोडली होती असं तिने लिहून दिलं आणि सही केली.

"नोकरी वाचेल म्हणून केली असेल," बेबाबाई म्हणाल्या. "तिलाही काढलंच. आता पाचोऱ्याला असते पोराकडे. पंचेचाळीस वर्षं झाली, मी तिच्याशी बोलले नाही. एकदा भुसावळ स्टेशनवर समोर आली होती. मला पाहून संडासात जाऊन बसली, गाडी सुटेपर्यंत."

हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. शिळी भाजी टाकून देताना असतो तसा आवाज होता.

कंपनी बंद पडल्यावर हे कुटुंब जळगावला आलं. झिपरू पाइपच्या कारखान्यात लागला, बेबाबाईंनी एका डाळ मिलमध्ये सव्वीस वर्षं डाळ निवडली. हितेंद्रला या सव्वीस वर्षांत काही रस नव्हता. अशा चाळीस बायका त्याच्याकडे रोज येतात, त्यांतल्या एकीचंही नाव त्याला सांगता येणार नाही. त्याला चार वर्षं हवी होती. जाताना त्याने बेबाबाईंच्या हाताचा फोटो काढला, फक्त हाताचा.

त्याच सुमारास ग्रुपवर बातमी आली की धुळ्याला एक मैना आहे आणि तिला कोणी हात लावलेला नाही. देवपूरला रतिलाल नावाचे एक वृद्ध गृहस्थ, पूर्वी खासगी क्लास चालवायचे, त्यांच्या घरामागे ती उभी होती. हितेंद्रला आनंद झाला, कारण म्हातारीपेक्षा पुरावा बरा. तरी ओळख पटवायला बेबाबाईंना बरोबर घ्यावं असं मी सुचवलं. त्या तयार झाल्या. "धुळ्याला नेत असाल तर येते," म्हणाल्या, "माहेरचा वारा लागेल."

रतिलालनी गाडीत तीस वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे भरून ठेवले होते. आम्ही येण्याआधी त्यांना त्या गाडीची किंमत ठाऊक नव्हती. हितेंद्रने कॅमेरा काढल्यावर दहा मिनिटांत ती त्यांच्या वडिलांची लाडकी गाडी झाली. "नुसतं बघा," ते म्हणाले, "घासायचं वगैरे नाही."

ओल्या फडक्याने धूळ पुसली तर पट्टा निघाला. फिका, जागोजाग तडकलेला, पण तपकिरीवर नारिंगी, आणि दारावर तसाच बोटभर वर जाऊन खाली आलेला. हितेंद्र गुडघे टेकून बसला, मापं घेऊ लागला, आणि फोनसमोर इंग्रजीत सांगू लागला की हा चढ म्हणजे वाऱ्याच्या प्रवाहाचा विचार करून केलेली रचना आहे. खाजाभाई ऐकत असते तर उठून गेले असते.

बेबाबाईंनी मागच्या दिव्यापाशी पट्ट्याचं टोक पाहिलं. "हाऊ पट्टा मना नही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "टोक हाताने फाडलंय. मी ब्लेडने तिरकं कापून आत दुमडायची. हे आमच्यातल्या लीलाचं काम. तिला नेहमी घरी जायची घाई."

मागच्या चाकाच्या वर फायबर फुटलं होतं आणि सांध्याची कड उघडी पडली होती. त्या वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी बॅटरी मागितली. मी फोनचा दिवा लावून दिला. त्यांनी चार बोटं आत घातली, चाचपली, बाहेर काढून बोटांवरची पांढरी भुकटी पाहिली आणि पुन्हा घातली, या वेळी कोपरापर्यंत.

"मॅट नाही," त्या म्हणाल्या.

"काय नाही, अक्का?" हितेंद्रने मापपट्टी न सोडता विचारलं.

"आतलं कापड."

दोन भाग जोडले की सांध्यावर आतल्या बाजूने काचेच्या धाग्यांचं कापड चिकटवायचं असतं. त्याला मॅट म्हणतात. जोडाची सगळी ताकद त्यात. इथे आत नुसती पुट्टी होती. त्यांनी गाडीभोवती फिरून पुढचं झाकण उघडायला लावलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळीकडे तेच. पट्टा कसाही लावला असता तरी तो सांधा उकलणार होता. पाणी फटीतून आत गेलं नव्हतं. आत काही नव्हतंच.

त्या रतिलालच्या पायरीवर बसल्या. हितेंद्रने विचारलं, "पट्टीची रुंदी नक्की किती असायची?"

"दहा सूत. सव्वा इंच. लिहून घ्या," त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर पारोळा मागे पडला तेव्हा हितेंद्र पुढे बसून ग्रुपवर फोटो पाठवत होता. मग त्या हळू आवाजात मला म्हणाल्या, "प्रेमराजभाऊ, मॅट लावायचं टेबल झिपरूचं होतं."

मला लगेच काही कळलं नाही.

"त्याचं आणि आणखी एकाचं. दोघंच. मॅट चिकटवायची राळ महाग झाली होती, साहेबांनी सांगितलं असेल, मॅट सोडा. सोडली. मला काढलं त्या दिवशी हा घरी आला, माझ्यासमोर बसला, मी कुंदीला शिव्या देत होते. हा म्हणाला, जाऊ दे, माणूस चुकतं." त्यांनी खिडकीची काच वर केली. "तेहतीस वर्षं जगला त्यानंतर. रोज माझ्या हातचं जेवला. एक वाक्य होतं सांगायला. कंपनी बुडाली, साहेब मेले, तरी नाही सांगितलं."

मी म्हणालो, "एक नोकरी तरी टिकावी म्हणून गप्प राहिले असतील."

"तेव्हा, हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा मीच म्हटलं असतं गप्प बस. पण नंतर?"



दुसऱ्या दिवशी त्या स्वतः रिक्षा करून चौफुलीला गेल्या आणि खाजाभाईंकडून हितेंद्रच्या गाडीचा सांधा आतून बघून घेतला. तिथेही मॅट नव्हती. खाजाभाई म्हणाले, "बाई, ही गाडी पुट्टीवर उभी आहे. मी आतून मॅट मारतो, दोन दिवसांचं काम." हितेंद्रने साफ नकार दिला. मूळ रूपात फरक पडेल, म्हणाला. जे कंपनीने लावलं नाही ते आपण कसं लावायचं? इतकी निष्ठा मी अलीकडे कुठे पाहिली नव्हती. कंपनीच्या चोरीलासुद्धा धक्का लागू नये म्हणून झटणारा माणूस.

पट्टा मात्र बेबाबाईंनी लावावा असा त्याचा आग्रह होता, त्याचं चित्रण करायचं होतं. मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्या आल्या. खाजाभाईंनी पट्टी आणून ठेवली होती. त्यांनी चष्मा पुसला, बोटं पावडरीत घासली आणि पुढच्या दिव्यापासून सुरुवात केली. सत्तरीची बाई, पण रीळ हातात आल्यावर पाय आपोआप बाजूला सरकू लागले. डावा अंगठा पट्टी दाबत पुढे, उजवा हात रीळ सोडत मागे. दारावर सांधा वर चढला तशी पट्टी चढली, उतरला तशी उतरली, आणि कुठे सुरकुती नाही. खाजाभाई हातातलं काम टाकून बघत होते. दोन्ही बाजू झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "बाई, मला चाळीस वर्षं झाली, मला नसतं जमलं."

हितेंद्र लांब जाऊन उभा राहिला. "अक्का, वाकडा दिसतो."

"गाडी वाकडी आहे."

"पण फोटोत चांगलं नाही दिसणार."

"मग फोटो वाकडा काढा," बेबाबाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

पुढच्या आठवड्यात हितेंद्रने तो पट्टा काढून टाकला आणि शहरातल्या एका रेडियमवाल्याकडून संगणकावर कापलेला, अगदी सरळ असा नवा लावून घेतला. खाजाभाईंनी ते काम करायला नकार दिला, म्हणून रेडियमवाल्याचा माणूस आला. मी फलकासाठी जे लिहिलं होतं त्यात सांधा, मॅट आणि अकरा बायका होत्या, नावांसह. हितेंद्रने ते वाचलं, "छान लिहिता तुम्ही" म्हणाला, आणि सगळं काढून एक ओळ ठेवली: 'कुशल महिला कारागिरांच्या मायेच्या स्पर्शाने सजलेला पट्टा.' माया हा शब्द माझा नव्हता. मी वहीतही कुठे लिहिलेला नव्हता.

जानेवारीत इंदूरला त्याच्या गाडीला मान मिळाला. मूळ रूपातली गाडी. परीक्षकांतले एक, कोल्हापूरचे तेच कॅप्टन, पट्ट्यावर बोट फिरवत म्हणाले की असं काम आता पाहायला मिळत नाही. त्याचं चित्रण फोनवर आलं, ते मयुरीने आजीला दाखवलं. आजीने फोन डोळ्यांजवळ धरून पूर्ण पाहिलं.

"सरळ आहे," एवढंच म्हणाल्या.

मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीसवर गेला आणि हितेंद्रच्या बंगल्यासमोर दिमाखात उभ्या असलेल्या त्या गाडीचा सांधा दोन्ही बाजूंनी उकलला. सरळ पट्ट्याच्या दोन बोटं वर एक लांब भेग, समोरून चालत जाणाऱ्यालाही दिसावी अशी. हितेंद्र सध्या ग्रुपवर विचारतो आहे की जुन्या गाडीची भेग ही तिच्या इतिहासाचा भाग मानावी का. कोइम्बतूरच्या माणसाचं मत अनुकूल आहे.

मला वाटलं, विषय संपला. पण जूनच्या अखेरीस बेबाबाईंचा फोन आला. धुळ्याहून आल्यापासून त्यांनी पाचोऱ्याचं नाव काढलं नव्हतं.

"पाचोऱ्याला जायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला यावं लागेल. मी एकटीने सांगितलं तर तिला वाटेल, मनाने सांगते. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

सकाळच्या पॅसेंजरने गेलो.  म्हसावदला त्या म्हणाल्या, "मी काही माफी मागायला जात नाहीये." मी काही म्हटलं नव्हतं.

बस स्टँडमागे कुंदाबाईंच्या मुलाचं घर. कुंदाबाई ओट्यावर बसून कापसाच्या वाती वळत होत्या. बेबाबाईंपेक्षा थोड्या मोठ्या, पाठीत वाकलेल्या. अंगावर सावली पडली तशी त्यांनी मान वर केली.

"कोन शे?"

"मी शे. बेबी."

कुंदाबाई उठू लागल्या. आत जायचं होतं त्यांना, पण गुडघे साथ देईनात. बेबाबाई त्यांच्यासमोर फरशीवर बसल्या आणि कसलीही प्रस्तावना न करता सांगू लागल्या. दोघी अहिराणीत बोलत होत्या. मी इथे बरंचसं माझ्या मराठीत देतो.

धुळ्याची गाडी, जळगावची गाडी, मॅट नव्हती, पट्ट्याचा काही संबंध नव्हता. मला विचारलं तिथे मी मान डोलावून साक्ष दिली. कुंदाबाई ऐकत राहिल्या. हातातली वात त्या वळतच होत्या, ती दोऱ्याएवढी बारीक झाली.

"पण मी सोडली होती फट," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एकदा. राजू तापाने फणफणत होता, त्याला शेजारणीपाशी टाकून आले होते. माझं लक्ष नव्हतं. मागच्या दिव्याजवळ इतकी फट राहिली." त्यांनी दोन बोटांनी दाखवली. "मला वाटलं, कोण बघतंय. गाडी निघून गेली. मग तक्रारी आल्या तेव्हा मला वाटलं, ती माझीच. साहेबांनी विचारलं, मी हो म्हटलं. त्यांनी जबरदस्ती नाही केली, बेबी. मला खरंच वाटलं माझ्यामुळे झालं. तुम्ही दहाजणी माझ्यामुळे गेलात."

 पंचेचाळीस वर्षं ज्या बाईने स्वतःची नोकरी वाचवायला सही केली असं बेबाबाई धरून चालल्या होत्या, ती बाई हे बोलत होती.

"येडी शे का तू?" त्या म्हणाल्या. "एका गाडीला फट राहिली. उकलल्या किती? शेकड्याने. बाकीच्यांना कोणी पाडली फट, तुझ्या राजूने?"

"मला काय कळतंय तेवढं."

"मोजता तर येत होतं."

"तुला येत होतं ना," कुंदाबाई म्हणाल्या. "मग तू का नाही मोजलंस?"

 मला तिथे आल्यापासून पहिल्यांदा बेबाबाई अडलेल्या दिसल्या. सुनेने चहा आणला. दोघींनी तो बशीत ओतून घेतला. मग कुंदाबाईंनी कप बाजूला ठेवला.

"मॅट तर झिपरूभाऊ लावायचे."

"हो."

"म्हणजे त्यांना माहीत होतं."

"हो."

कुंदाबाईंनी वळलेल्या वाती एकीकडे सारल्या. मग म्हणाल्या, "बिचारे जेवत कसे असतील."

"चांगला जेवायचा," बेबाबाई म्हणाल्या. "मागून घ्यायचा."

कुंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. रडताहेत असं मला वाटलं, पण त्या हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवत. बेबाबाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरचा कापूस ओढून घेतला आणि वात वळायला लागल्या. दोन वळल्यावर कुंदाबाईंनी त्या उचलून पाहिल्या आणि जाड झाल्या म्हणून बाजूला ठेवल्या.

दुपारी जेवण झालं. साडेचारच्या गाडीसाठी मी उठलो. बेबाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"तुम्ही निघा, भाऊ," त्या म्हणाल्या. "मयुरीला सांगा, उद्या-परवा येते."

"आठेच ऱ्हाय चार दिवस," कुंदाबाई त्यांना म्हणाल्या. "कोण वाट बघतंय तिकडे."

मी पायताण घालत असताना दोघींचं त्या चौकशीच्या साहेबावरून सुरू झालं होतं. तो उंच होता की बुटका यावर त्यांचं एकमत होईना. नाव दोघींनाही आठवत नव्हतं. कुंदाबाई आठवायचा प्रयत्न करत होत्या. बेबाबाई म्हणाल्या, त्याचं नाव आठवून काय करणार आहेस, लीला कुठे असते ते आठव.